कऱ्हाटीतल्या वस्तीवरचे कुत्रे : थंडी, ऊन आणि निवड

घराबाहेर राहणाऱ्या कुत्र्याची निवड हवामानापासून सुरू होते. कऱ्हाटीत, म्हणजे कऱ्हा नदीच्या परिसरात, हे हवामान वरवर पाहता सरळ वाटते : पाऊस कमी, ऊन जास्त. पुरंदरच्या डोंगरात उगम पावून सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला येणारी आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळणारी कऱ्हा ज्या पट्ट्यातून वाहते, तो सगळा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे कुत्र्याच्या बाबतीत थंडीचा विचार इथे कोणी फारसा करत नाही. थंडी मात्र आहे, आणि तिची तऱ्हा वेगळी आहे.

कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उघडा माळ यांमुळे जमीन दिवसभर धरलेली ऊब रात्री भराभर सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान 10 अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येते आणि त्याच दिवशी दुपारी ते 30 अंशांच्या घरात जाते. म्हणजे वस्तीवरचे कुत्रे चोवीस तासांत दोन ऋतू सोसते. त्यात बागायतीची भर पडते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1880 च्या दशकात या भागात आले आणि पुढे उसाने रान व्यापले. शेतीला वीज पाळीपाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की शेतकरी रात्रीच दारे धरतो आणि घरचे कुत्रे त्याच्यामागून ओल्या सरीतून फिरते. पहाटे तीनला पोटापर्यंत भिजलेले, वाऱ्यात उभे असलेले कुत्रे ही इथली थंडी. ती बर्फाची नाही, तास-दोन तासांच्या गारठ्याची आहे आणि सूर्य वर आला की संपते.

थंड प्रदेशात बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांच्या ज्या याद्या सर्वत्र वाचायला मिळतात, त्यांत सायबेरियन हस्की, अलास्कन मालाम्यूट, सेंट बर्नार्ड, बर्नीज माउंटन डॉग, न्यूफाउंडलँड ही नावे ठरलेली असतात. यांपैकी हस्की आणि सेंट बर्नार्ड आता आपल्याकडच्या बंगल्यांच्या आवारातही दिसतात. त्या याद्या चुकीच्या नाहीत. त्या दुसऱ्या मुलखासाठी केलेल्या आहेत. हस्की हे ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांचे गाडी ओढणारे कुत्रे. 1925 च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावी घटसर्पावरचे प्रतिविष (सीरम) कुत्र्यांच्या गाड्यांवरून पोहोचवले गेले, तेव्हा टोगो आणि बाल्टो या दोन कुत्र्यांमुळे ही जात जगभर माहीत झाली. सेंट बर्नार्डचे घर आल्प्समधल्या सुमारे 2,470 मीटर उंचीच्या खिंडीतला मठ. ज्या गुणांमुळे ही कुत्री तिथे जगतात, तेच गुण त्यांना कऱ्हाटीत अडचणीत आणतात. हे कसे होते ते शरीराच्या रचनेतून पाहावे लागते.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. कामी येणाऱ्या घामग्रंथी पंजांच्या गादीत असतात आणि त्यांचा शरीर थंड करण्यात वाटा नगण्य. उष्णता बाहेर टाकण्याचा खरा मार्ग म्हणजे धापणे : जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि रक्त थंड होते. निरोगी कुत्र्याचे तापमान 38 ते 39 अंशांच्या दरम्यान असते. ते 41 च्या पुढे गेले की उष्माघात सुरू होतो आणि आतले अवयव निकामी होऊ लागतात. हवा कोरडी असेल तर धापण्याचा उपयोग होतो, दमट असेल तर वाफ होत नाही. या एका बाबतीत कऱ्हाटीचा माळ कोकणापेक्षा कुत्र्याला बरा. भर पावसाळ्यात पाणी दिलेल्या उसाच्या फडात मात्र तो फायदाही उरत नाही.

उत्तरेकडच्या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, त्याखाली दाट, मऊ लव. ही लव हवा धरून ठेवते आणि अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. काही जण उन्हाळ्यात हस्कीचे केस भादरून टाकतात. त्याने चामडी थेट उन्हात येते, भाजते आणि पुन्हा येणारे केस अनेकदा एकसारखे येत नाहीत. हा उपाय करूच नये. निसर्गाने या कुत्र्यांना लव झाडण्याची सोय दिली आहे, पण ती सोय मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते. सायबेरियाच्या ईशान्य भागात उन्हाळ्यात रात्र जवळपास नाहीशी होते आणि हिवाळ्यात दिवस काही तासांचा उरतो. बारामतीच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक पडतो. शरीराला इशारा पुसट मिळतो, त्यामुळे इथली हस्की कधी पुरती लव टाकत नाही आणि कधी बारा महिने केस गाळत राहते. हिवाळ्यातल्या पहाटे ती खुशीत असते हे खरे. पण दुपारी दोनला तीच कुत्री न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडते, आणि मार्चपासून पुढे तिला घरातच, पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत ठेवावे लागते. घराबाहेरच्या आयुष्यासाठी म्हणून आणलेले कुत्रे अशा रीतीने वर्षातले निम्मे दिवस घरात कोंडले जाते.

कऱ्हाटीत कोणत्या बांध्याचे कुत्रे टिकेल, याचे उत्तर इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळावर हिंडताना दिसते. तिथे चिंकारा, खोकड, तरस यांच्या सोबतीने भारतीय लांडगा राहतो. लांडगा आणि कुत्रा हे जवळचे नातलग, त्यामुळे ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. कॅनडा-अलास्कातला लांडगा 40 किलो आणि त्याहून जड भरतो, त्याची लव दाट, कान तुलनेने आखूड. कडबनवाडीचा लांडगा 20 किलोच्या आसपास, लांब पायांचा, अंगाने सडसडीत, मोठ्या कानांचा. हिवाळ्यातही त्याची आतली लव पातळच. शरीर लहान असले की वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त पडते आणि उष्णता लवकर बाहेर जाते. मोठे कान तेच काम करतात. आता वस्तीवरच्या गावठी कुत्र्याकडे पाहावे : 15 ते 20 किलो वजन, आखूड केस, उभे किंवा टोकाशी मुडपलेले कान, आत ओढलेले पोट. माळाने लांडग्याचे शरीर जसे घडवले तसेच कुत्र्याचेही घडवले आहे. जातिवंत म्हणून विकत घेतलेल्या पिलाला ही घडण पैशाने जोडता येत नाही.

मग थंडीचे काय, असा प्रश्न उरतो. आखूड केसांच्या कुत्र्याला दहा अंशांत त्रास होतो का? निरोगी आणि पोटभर खाल्लेल्या प्रौढ कुत्र्याला, अंग कोरडे असेल तर, विशेष होत नाही. कुत्र्याच्या पंजात धमन्या आणि शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात की खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते. म्हणून गार मातीवर उभे राहूनही अंग थंडावत नाही. त्रास होतो तो ओले राहिल्याने आणि वारा लागल्याने, आणि या दोन्हींवर माणूस उपाय करू शकतो. पाचटाचा जाड थर, त्यावर गोणपाट, तीन बाजूंनी आडोसा, तोंड वाऱ्याकडे नसलेले आणि जमिनीपासून वीतभर उचललेली फळी, एवढ्यात इथली थंडी निभावते. उन्हावर असा उपाय नाही, कारण जाड लव उतरवून ठेवता येत नाही. निवडीचा सगळा युक्तिवाद या असमानतेवर उभा आहे : महिना-दीड महिन्याच्या रात्रींची थंडी बाहेरून भागवता येते, चार महिन्यांचे ऊन कुत्र्याने स्वतःच्या अंगावर सोसायचे असते.

मधल्या जातींविषयी थोडक्यात. जर्मन शेफर्ड, म्हणजे लोकांचा अल्सेशियन, राखणीला उत्तम आणि शिकवायला सोपा, पण दुहेरी केसांचा. गर्द सावली आणि पाणी असेल तर तो इथे निभावतो, मात्र खुब्याचे दोष या जातीत वारंवार येत असल्याने आई-वडील चालताना पाहिल्याशिवाय पिलू घेऊ नये. लॅब्राडोर स्वभावाने गोड. राखणदार म्हणून त्याची कीर्ती नाही, आणि वस्तीवर बसून खाऊन तो लठ्ठ होतो, मग उन्हाळा त्याला जड जातो. डॉबरमनचे केस आखूड, उन्हाला ठीक. पण थंडीत तो खरोखर कुडकुडतो. पामेरियन म्हणून आपल्याकडे विकला जाणारा पांढरा स्पिट्झ भारतात रुळलेला आहे, भुंकून घर जागे करतो, पण रानातल्या कामाचा नाही. जेवढा मोठा तेवढा रुबाबदार, या हिशेबाने कॉकेशियन शेफर्ड किंवा कांगालसारखी अवाढव्य कुत्री आणण्याचीही टूम निघाली आहे. 2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ज्या वीसहून अधिक जाती माणसाला धोकादायक ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला सांगितले, त्यांत या दोन्ही होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्द केले. कायद्याचे काहीही होवो, मेंढरांसाठी लांडग्या-अस्वलाशी झुंजायला वाढवलेले पन्नास-साठ किलोचे कुत्रे ऊसतोड कामगार, दूधवाले आणि शाळेची पोरे ज्या वाटेने जातात त्या वाटेवर बांधणे शहाणपणाचे नाही.

कारवानी, पश्मी आणि मुधोळ या आपल्या बाजूच्या शिकारी कुत्र्यांचा विचार वेगळा करायला हवा, कारण हवामानाच्या कसोटीवर ती सहज उतरतात. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान, आज बागलकोट जिल्ह्यात; तिथला माळ कऱ्हाटीच्या माळाहून फार निराळा नाही. मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि तिची कुत्री राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली. 2005 साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंड होता. उंच, छाती खोल, पाय लांब, कातडी पातळ. अंगावर चरबी नावालाच. उन्हात हे शरीर उत्तम, थंडीत मात्र त्याला गोणपाटाची झूल लागते. खरी अडचण दुसरीच आहे. हे कुत्रे डोळ्यांनी शिकार हेरते आणि पळणाऱ्या प्राण्यामागे सुटते. हाक मारून ते थांबत नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 5 चौरस किलोमीटर आहे आणि तिथली चिंकारा कुंपण पाळत नाहीत. ती शेजारच्या रानात सर्रास येतात. चिंकाराची किंवा सशाची शिकार हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कुत्रे हातातून सुटून ती झाली तरी मालक अडचणीत येऊ शकतो. शिवाय असे कुत्रे शेजाऱ्याच्या शेळीमागे लागले तर भांडण वेगळेच. दिवसाला काही मैल मोकळे पण ताब्यात पळवता येईल, असे कुंपण असलेले रान ज्यांच्याकडे आहे, त्यांनीच या वाटेला जावे.

उरते गावठी कुत्रे आणि त्याचीच एक कसलेली शाखा म्हणावी असे धनगरी कुत्रे. धनगरांचे कुत्रे ही काही नोंदलेली जात नव्हे. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरायचा, कोकणात शेतात मेंढ्या बसवायच्या, पावसाच्या सुमारास माळावर परतायचे, या फिरस्तीत घाटातला गारठा, कोकणातला दमटपणा आणि माळावरचे ऊन असे तिन्ही ज्याला झेपते तेच टिकते. निवडही कठोर असते : कोकराला तोंड लावणारे कुत्रे वाड्यात ठेवत नाहीत आणि रात्री मेंढरांच्या जाळीभोवती, म्हणजे वाघरीभोवती, न जागणाऱ्याला कोणी भाकरी टाकत नाही. शतकानुशतके अशी चाळण लागल्यावर जो स्वभाव उरतो, तो वस्तीला हवा असलेलाच आहे. जेजुरीच्या खंडोबासोबत कुत्रा असतो आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. धनगरांच्या या कुलदैवताच्या मुलखात कुत्र्याला सोबत्याचा मान का, हे निराळे सांगायला नको.

गावठी कुत्र्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे, ते ताटातले. कऱ्हाटीत कुत्र्याला मिळते ती बाजरीची किंवा ज्वारीची शिळी भाकरी, ताकात नाहीतर कालवणात कुस्करलेली. 2013 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले की शेतीच्या संगतीने कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढल्या, लांडग्यात त्या दोनच असतात. नंतरच्या कामात असेही आढळले की मासे आणि सीलच्या मांसावर वाढलेल्या उत्तर ध्रुवाकडच्या जातींमध्ये या प्रती तुलनेने कमी आहेत. म्हणजे भाकरीवर जगण्याची तयारीही प्रदेशानुसार बदलते. याचा अर्थ नुसत्या भाकरीवर कुत्रे पोसावे असा नाही. कुत्र्याला प्रथिने लागतात. अंडे, दूध, हाडासकट उकडलेल्या मांसाचे पाणी, मासळी यांतले काहीतरी रोज पोटात जायला हवे, आणि रात्री बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला हिवाळ्यात नेहमीपेक्षा थोडे अधिक.

कामाच्या बाजूने पाहिले तर गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट घडली आहे : ऊस वाढला तसा बिबट्या बारामती-इंदापूरपर्यंत आला. बिबट्याला कुत्रा हे आवडते भक्ष्य. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या खाण्यातला वजनाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे बिबट्याशी लढेल असे कुत्रे शोधणे हा भ्रम आहे. कोणत्याही जातीचे एकटे कुत्रे लढून टिकणार नाही, आणि साखळीने बांधलेले तर पळूही शकणार नाही. हिमालयातले गुराखी कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो बिबट्यापासून गळा वाचावा म्हणूनच. कऱ्हाटीत हवे आहे ते लवकर सावध होणारे, लांबून भुंकणारे आणि पाऊल मागे घेण्याची अक्कल असलेले कुत्रे, आणि रात्री त्याला आत घेता येईल अशी दाराची खोपी. गावठी कुत्र्यात हा सावधपणा भरपूर असतो; काही वेळा नको इतका.

गावठी म्हटले की सगळे आपोआप चांगले, असा उलटा भाबडेपणाही आता शहरात रुजू पाहतो आहे. तो सोडावा. एकाच वेतात धीट, भित्रे आणि चिडके असे तिन्ही प्रकार निघतात, आणि चिडके कुत्रे मुलांच्या घरात आफत असते. म्हणून पिलू निवडण्याची वेळ आणि रीत महत्त्वाची. आपल्याकडची गावठी कुत्री बहुधा भाद्रपदाच्या आसपास माजावर येतात. गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा, त्यामुळे पिले कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडी सुरू होताना जन्मतात. पहिले दोन-तीन आठवडे पिलाला स्वतःचे तापमान राखता येत नाही. आईच्या पोटाशीच ते जगते. या दिवसांत ‘लवकर सवय लागेल’ म्हणून उचलून आणलेले पिलू बहुतेक वेळा गारठून मरते. किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. म्हणजे नेण्याजोगी पिले साधारण संक्रांतीच्या सुमारास हाती येतात.

पाहायचे ते आधी आईला. अनोळखी माणूस आला की ती भुंकते, पण धन्याने गप्प केल्यावर गप्प होते का? पोरांच्या हातून भाकरी हिसकावते की घेते? आई ज्या वस्तीवर वाढली तिथे शेळ्या-कोंबड्या असल्या तर ती मोठीच जमेची बाजू, कारण तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलू जे पाहते, हुंगते, त्याला ते आपले मानते. त्या काळात कोकरांत वाढलेले कुत्रे पुढे कोकरावर क्वचितच धावते. मग पिलू. पायाशी येऊन हुंगणारे, उताणे धरले की थोडे धडपडून शांत होणारे पिलू निवडावे. कोपऱ्यात दबून बसणारे किंवा पहिल्या क्षणी चावा घेणारे टाळावे. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, पोट ढोलकीसारखे फुगलेले नाही. फुगलेले असेल तर जंत आहेत. वीसनखी कुत्रे चांगले राखण करते अशी समजूत अजून टिकून आहे. बहुतेक कुत्र्यांना अठरा नखे असतात. काहींना मागच्या पायांवर एकेक जादा नख येते, त्याचा राखणीशी काही संबंध नाही. उलट ते लोंबते नख उसाच्या पाल्यात अडकून फाटते.

पिलू घरी आल्यावर हिवाळ्यात त्याला आंघोळ घालू नये. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस आणि ती दरवर्षी. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याचा इथला मोठा शत्रू गोचीड आहे. गोचिडीच्या तापात कुत्रे खायचे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लोक त्याला ऊन बाधले समजून दिवस घालवतात. आखूड केसांचे कुत्रे इथेही सोयीचे, कारण कान, बगल, बोटांच्या बेचकीतली गोचीड हाताला लगेच लागते. दाट लवेत ती सापडत नाही.

लसीकरण आणि नसबंदी यांचा संबंध घरापुरता नाही. डिस्टेंपर आणि पिसाळ हे रोग कुत्र्यांकडून खोकड आणि लांडग्यांत जातात. पुण्याच्या आसपासच्या गवताळ भागात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याला 2023 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दुजोरा दिला. कडबनवाडीच्या किंवा सुप्याच्या माळालगतच्या वस्तीवर नको झालेली पिले माळावर नेऊन सोडण्याची जी रीत आहे, तिचा शेवट तिथे होतो. नसबंदी करायचीच म्हटल्यावर राखणीसाठी नर ठेवावा की मादी, या नेहमीच्या वादाला फार अर्थ उरत नाही. दोन्ही राखण करतात आणि दोघांचीही साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान नसबंदी करता येते. नसबंदीने कुत्रे मिळमिळीत होते हा समज वस्त्यांवर पक्का आहे. प्रत्यक्षात भाद्रपदात घर सोडून चार-चार दिवस भटकणे, त्या टोळक्यांत जखमी होणे आणि तिथून रोग घेऊन परतणे एवढेच बंद होते. अनोळखी पावलाला भुंकणे तसेच राहते.